फुटबॉलच्या खेळांत पायांचें बळ आणि धांवेचा वेग

जमेकाचा उसेन बोल्ट हा आजवर सर्वांत वेगानें धांवलेला मनुष्य होय. सन २००९ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्लिन येथें त्यानें शंभर मीटरांचें अंतर ९.५८ सेकंदांत तोडलें, आणि तो उच्चांक अद्यापि कोणास मोडतां आलेला नाहीं. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर सन २०१८ मध्यें, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, हाच बोल्ट ऑस्ट्रेलियांतील सेंट्रल कोस्ट मरिनर्स नांवाच्या फुटबॉल संघाकडे उमेदवारीसाठीं गेला. एका सरावाच्या सामन्यांत त्यानें दोन गोलहि केले. परंतु कांहीं आठवड्यांनीं करार न जुळतां तो परत फिरला आणि व्यवसायी फुटबॉलपटु होण्याचा त्याचा मनोरथ तेथेंच संपला. ज्याच्यापाशीं जगांतील सर्वांत वेगवान पाय, त्याला फुटबॉलच्या मैदानावर जागा मिळूं नये, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. ज्यानें सारें तारुण्य धांवपट्टीवर घालविलें त्याला चेंडूवर प्रभुत्व त्या वयांत कोठून येणार, हें तर उघडच आहे. पण त्याच्या धांवेचे आंकडे पाहिले म्हणजे आणखीहि एक गोष्ट ध्यानांत येते.

बर्लिनच्या त्या शर्यतीचे वीस-वीस मीटरांचे तुकडे पाडून वेळ मोजलेली आहे. इशारा ऐकून पाय हलविण्यास लागलेला क्षण धरून बोल्टला पहिल्या वीस मीटरांस २.८९ सेकंद लागले. पुढें साठाव्या मीटरापासून ऐशींव्या मीटरापर्यंतचें तेवढेंच अंतर त्यानें १.६१ सेकंदांत काटलें. ताशीं सुमारें ४४ किलोमीटरांचा जो वेग पाहून जग थक्क झालें, तो त्याच्या अंगीं येण्यास आधीं पन्नास-साठ मीटरांची धांव व्हावी लागली. फुटबॉलचें मैदान १०५ मीटरांच्या आसपास लांब असतें खरें, पण त्यावर एका रेषेंत साठ मीटर मोकळें धांवावयास कोणाला मिळतें? अभ्यासकांनीं सामन्यांतील जोराच्या धांवा मोजल्या, तेव्हां शेंकडा ९६ धांवा तीस मीटरांहून आंखूड आणि जवळजवळ निम्म्या दहा मीटरांच्या आंतच संपणाऱ्या निघाल्या. सुमारें दर दीड मिनिटाला अशी एक धांव येते आणि ती दोन ते चार सेकंद टिकते. चांगला खेळाडू एका सामन्यांत दहा ते बारा किलोमीटर अंतर चालतो, परंतु त्यांतील बहुतेक भाग चालण्याचा व सावकाश पळण्याचा असतो. तेव्हां फुटबॉलमध्यें वेगवान म्हणावयाचें तें अशा गड्याला, जो उभ्या जागेवरून किंवा हळूं पळत असतां एकाएकीं पहिलीं पांच-सात पावलें इतरांच्या आधीं टाकतो.

इंग्लंडचा स्टॅन्ले मॅथ्यूज हें याचें उत्तम उदाहरण होय. उजव्या बाजूनें खेळणारा हा सडपातळ मनुष्य अंगापिंडावरून कोणालाहि पहिलवान वाटला नसता. प्रतिस्पर्धी बॅकच्या अगदीं समोर जाऊन तो चेंडूची गति जवळजवळ थांबवी, अंग एका बाजूस झुकवी, आणि बॅकचा तोल तिकडे गेला कीं दुसऱ्या बाजूनें चार यार्डांची झेंप घेऊन निसटे. त्या चार यार्डांत त्याचें सर्व भांडवल होतें. सन १९५३ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत त्याचा ब्लॅकपूल संघ बोल्टन संघाच्या १–३ असा मागें पडला असतां, अडतीस वर्षांच्या मॅथ्यूजनें उजवी बाजू फोडून काढली व ब्लॅकपूलनें ४–३ असा विजय मिळविला. पुढें १९६५ च्या फेब्रुवारींत, वयाचीं पन्नास वर्षें पुरीं झाल्यावर पांच दिवसांनीं, तो इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींत आपला शेवटचा सामना खेळला. पन्नाशीचा माणूस विशींतल्या पोराला शंभर मीटरांत गांठूं शकणार नाहीं. चार यार्डांत मात्र अजून चकवूं शकतो.

आतां हा पहिला वेग येतो कोठून, हा खरा प्रश्न. जलद धांवणाऱ्याचे पाय भराभर हलतात हें डोळ्यांना दिसतें. म्हणून जो पाय अधिक चपळाईनें हवेंतून पुढें आणील तो अधिक धांवेल, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. ती बरीच चुकीची ठरली आहे. पीटर वेयँड व त्यांचे सहकारी यांनीं सन २००० मध्यें अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत सेकंदाला सुमारें ६ मीटरांपासून ११ मीटरांपर्यंत निरनिराळ्या वेगांनीं धांवणारीं ३३ माणसें, स्त्रिया व पुरुष दोन्ही, होतीं. उचललेला पाय मागून पुढें आणण्यास या सर्वांना जवळजवळ सारखाच वेळ लागला. भेद पडला तो पाय जमिनीवर टेकलेला असतां त्यानें जमिनीला दिलेल्या रेट्यांत. सर्वांत जलद धांवणाऱ्याचा रेटा, शरीराच्या वजनाच्या मानानें, सर्वांत मंद धांवणाऱ्याच्या सव्वा पट निघाला. शाळेंत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम येथें अक्षरशः पायांखालीं येतो. माणूस पृथ्वीला मागें व खालीं लोटतो आणि पृथ्वी त्याला पुढें व वर लोटते. हवेंतल्या पायाला लोटावयास कांहींच नसतें.

मग ज्याचे पाय सर्वांत बळकट तोच सर्वांत जलद, असें का म्हणूं नये? येथें काळाचा हिशेब आडवा येतो. स्नायूला आपलें सर्व बळ एकवटण्यास सेकंदाचे निदान तीन दशांश तरी लागतात. भरधांव पळणाऱ्याचा पाय मात्र जमिनीवर सेकंदाच्या एक दशांशाच्या आसपासच टेकतो. पहिल्या एक-दोन पावलांत फार तर दोन दशांश. म्हणजे कितीहि बळ असलें तरी तें पुरतें प्रकट होण्याच्या आधींच पाय उचलला जातो. घरच्या पेटींत मोठी ठेव असून बाजारांत खिशाला रोकड नसावी, त्यांतलाच हा प्रकार. धांवणाऱ्याच्या उपयोगीं पडतें तें त्या दोन दशांशांत हाताशीं येणारें बळ. बळ आणि तें प्रकट करण्याची त्वरा यांच्या गुणाकारास शास्त्रज्ञ शक्ति म्हणतात, आणि फुटबॉलपटूच्या पायांविषयीं बोलतांना बळ व शक्ति हे दोन शब्द वेगळे ठेवले तर पुष्कळ घोटाळे टळतील.

या गुणाकाराचा नियम ज्यानें मांडला तो इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल. स्नायूंवरील संशोधनासाठीं सन १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचा तो वांटेकरी होता. त्याला धांवण्याचा स्वतःलाच नाद होता. सन १९२७ च्या सुमारास अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत त्यानें धांवपटूंच्या अंगावर पोलादाची चुंबकित पट्टी बांधून त्यांना तारेच्या वेटोळ्यांजवळून पळविलें. प्रत्येक वेटोळ्याशीं उत्पन्न होणाऱ्या विजेच्या क्षणिक प्रवाहावरून त्यांचा वेग कसा वाढत जातो तें टिपलें. आजचे प्रकाशाच्या किरणावर चालणारे वेगमापक हे त्याच कल्पनेचे नातू म्हणावयाचे. पुढें सन १९३८ मध्यें बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून हिलनें दाखविलें कीं, स्नायु जितक्या वेगानें आंखडतो तितका त्याचा ओढा कमी होतो. हमालाकडे पाहिलें तरी हें कळेल. रिकामा हात तो झटकन् वर नेईल, पण त्यांत काम कांहींच होत नाहीं. न पेलणाऱ्या पोत्याला तो सारें बळ लावील, पण पोतें हलत नाहीं. तेथेंहि काम शून्यच. खरें काम होतें तें या दोहोंच्या मध्यें. आणि शक्तीचा कळस स्नायूच्या कमाल वेगाच्या सुमारें एक तृतीयांशावर येतो. ज्याचें मूळचें बळ मोठें, त्याच्याजवळ वेगानें आंखडतांनाहि कांहीं अधिक शिल्लक राहातें. पायांचें बळ वाढविण्याचा धांवेशीं संबंध आहे तो या मार्गानें.

रेट्याची दिशा ही याच्या जोडीचीच गोष्ट. गाडी चढावर लागली म्हणजे बैल मान खालीं घालून पुढें झुकतात. ताठ उभ्या बैलाचें बळ जमिनींत जातें, जुवाला मिळत नाहीं. झेंप घेणाऱ्या खेळाडूचेंहि तसेंच आहे. पहिल्या पावलांत धड पुढें झुकलेलें, पाऊल कमरेच्या खालीं किंवा किंचित् मागें पडलेलें आणि रेटा मागच्या दिशेला, असें असेल तरच बळाचा वेग होतो. फ्रान्समधील संशोधकांनीं धांवपटूंच्या रेट्याचा पुढें नेणारा भाग वेगळा मोजून दाखविला आहे, आणि वेग घेण्याशीं त्याचें नातें एकूण रेट्याच्या नात्यापेक्षां घट्ट निघालें. आपल्याकडे पुष्कळ मुलें चेंडूकडे धांवतांना पहिल्याच पावलाला ताठ होतात व टांच पुढें टेंकतात. तें पाऊल वेग देण्याऐवजीं वेग खातें.

आतां शरीराच्या वजनाचा विचार. स्नायूचें बळ त्याच्या जाडीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतें, आणि वजन घनफळावर. गॅलिलिओनें सन १६३८ च्या आपल्या ग्रंथांत हाडांच्या व तुळयांच्या बाबतींत हाच हिशेब मांडला होता. एका खेळाडूहून दुसरा सर्व बाजूंनीं एक दशांश मोठा असेल तर त्याचें बळ शेंकडा २१ नें अधिक भरेल, पण वजन शेंकडा ३३ नें. मांड्या मोठ्या दिसल्या म्हणून धांव मोठी असेलच असें नाहीं, याचें कारण हें. दोघांच्या बळाची तुलना करावयाची ती वजनाच्या मानानें.

इतकें झाल्यावर प्रत्यक्ष फुटबॉलपटूंची मोजणी पाहूं. नॉर्वेंतील व्हिस्लॉफ व त्यांचे सहकारी यांनीं सन २००४ मध्यें आंतरराष्ट्रीय दर्जाच्या १७ खेळाडूंची परीक्षा प्रसिद्ध केली. खेळाडूंचें सरासरी वजन ७६.५ किलो. खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन अर्धी बैठक मारून उठावयाचें, आणि एकदांच पेलेल असें जास्तींत जास्त वजन किती तें पाहावयाचें; तें सरासरी सुमारें १७२ किलो, म्हणजे अंगच्या वजनाच्या सव्वादोन पट भरलें. याच खेळाडूंना दहा मीटरांस १.८२ सेकंद व तीस मीटरांस ४ सेकंद लागले. (बोल्टच्या आंकड्यांशीं यांची तुलना करूं नये, येथें खेळाडू आपल्या मनानें निघतो, इशाऱ्याची वाट पाहण्याचा वेळ त्यांत नसतो.) अधिक वजन पेलणारा अधिक जलद निघाला काय? दोन गोष्टींचा मेळ संपूर्ण असेल तर तो १ या अंकानें दाखवितात, मुळींच नसेल तर शून्यानें. दहा मीटरांच्या धांवेशीं पेललेल्या वजनाचा मेळ ०.९४ आला, आणि तीस मीटरांच्या धांवेशीं ०.७१. अंतर वाढलें तसा बळाचा अंमल उतरला. पहिल्या पावलांत पाय जमिनीवर अधिक वेळ असतो, म्हणून बळाला तेथें अधिक वाव असतो, ही वर सांगितलेली गोष्ट या दोन आंकड्यांत स्पष्ट दिसते.

मात्र मेळ म्हणजे कारण नव्हे. जलद माणसें जात्याच बळकटहि असूं शकतात. म्हणून दुसरा प्रश्न विचारावयास हवा: त्याच खेळाडूंचें बळ वाढविलें तर त्यांची धांव सुधारते का? इंग्लंडांत सतरा व्यवसायी फुटबॉलपटूंवर केलेला व सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथें उपयोगी आहे. हंगाम चालू असतांनाच त्यांनीं सहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, वजन घेऊन बैठकांचा व्यायाम केला. पेलण्याचें वजन सरासरी १२५ किलोंवरून १४९ किलोंवर गेलें. दहा मीटरांची वेळ १.८३ सेकंदांवरून १.७८ वर आली. बळ जवळजवळ एक पंचमांशानें वाढलें, वेळ शेंकडा तिनानेंहि घटला नाहीं! सतरा माणसांवरून सिद्धांत ठरत नाहीं हें खरें. तथापि मेहनतीच्या मानानें मिळालेला हा लाभ पाहून कोणी हंसेल, तर त्यानें थोडें गणित करावें. दहाव्या मीटराशीं खेळाडूचा वेग सेकंदाला सात मीटरांच्या घरांत असतो. त्या वेगानें सेकंदाचे पांच शतांश म्हणजे सुमारें पस्तीस सेंटिमीटर, दीड वीत. सुटलेल्या चेंडूवर दोघे झडप घालीत असतां ज्याचा पाय दीड वीत पुढें, चेंडू त्याचा.

ही दीड वीत गोलाच्या हिशेबांत किती मोलाची असते, तेंहि पाहिलें गेलें आहे. जर्मनीच्या सर्वोच्च स्पर्धेंत सन २००८ च्या पूर्वार्धांत झालेल्या ३६० गोलांचीं चित्रें फाउडे व त्यांच्या सोबत्यांनीं एकेक करून तपासलीं. त्यांपैकीं २९८ गोलांच्या आधीं गोल करणाऱ्यानें किंवा त्याला चेंडू देणाऱ्यानें कांहीं तरी जोराची हालचाल केलेली आढळली. गोल करणाऱ्याच्या बाबतींत सर्वांत अधिक वेळां, म्हणजे १६१ वेळां, ती सरळ धांव होती. उडी ५७ वेळां. आणि मौजेची गोष्ट ही कीं, त्या धांवांपैकीं बहुतेक चेंडू पायाशीं नसतांना घेतलेल्या होत्या. प्रेक्षकांचे डोळे चेंडूवर असतात, तेव्हां गोलाचें काम मोकळ्या जागेकडे पळणारा गडी करीत असतो. नॉर्वेंत सन १९९५ ते २०१० या काळांत ९३९ खेळाडूंच्या धांवा मोजल्या गेल्या, त्यांत फॉरवर्ड सर्वांत जलद, मग बॅक, मग मधले खेळाडू आणि शेवटीं गोलरक्षक असा क्रम लागला, यांतहि नवल नाहीं. शिवाय खेळच अधिक वेगवान होत गेला आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंतच्या सात हंगामांत खेळाडूंचें एकूण अंतर जवळजवळ तेवढेंच राहिलें, पण भरधांव धांवेचें अंतर शेंकडा ३५ नें वाढलें.

महाराष्ट्रांतील वाचकाच्या मनांत येथें आपल्या तालमी व बैठका आल्यावांचून राहाणार नाहींत. पांचशें बैठका मारणाऱ्या गड्याचे पाय फुटबॉलला उत्तम, असें पुष्कळांना वाटतें. दमासाठीं ते उत्तम आहेत. परंतु जी क्रिया पांचशें वेळां करतां येते तिच्यांत प्रत्येक वेळीं स्नायूच्या बळाचा लहानसा अंशच खर्च होतो, आणि जे जलद आंखडणारे स्नायुतंतू झेंपेला लागतात त्यांना पुरतें आव्हान मिळत नाहीं. नवशिक्या मुलाला आरंभीं बैठकांनीं निःसंशय लाभ होतो; कसलेल्या खेळाडूला वजन वाढवून थोड्या बैठका, आणि त्यांना उड्यांची व दहा-वीस मीटरांच्या धांवांची जोड हवी. धांवांच्या मध्यें पुरती विश्रांतिहि हवी, कारण दमलेल्या पायांनीं मारलेली धांव दम वाढविते, वेग वाढवीत नाहीं. या दृष्टीनें देशी खेळांत खोखोला तोड नाहीं. उकिडवा बसलेला गडी "खो" कानीं पडतांच उठतो, झुकतो आणि दोन पावलांत वेग घेतो. दहा मीटरांच्या धांवेचा याहून चांगला सराव मुद्दाम योजूनहि सांपडणें कठीण. शाळांतून फुटबॉल आला म्हणून खोखो बंद करणें हें फुटबॉलच्याहि हिताचें नाहीं.

पायाचा रेटा पृथ्वीला पोंचावयाचा तर मध्यें घर्षण पाहिजे, ही एक साधी गोष्ट राहिली. सन १९४८ च्या लंडन येथील ऑलिंपिकमध्यें भारतीय संघांतील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले व फ्रान्सकडून १–२ असे थोडक्यांत हरले. दोन पेनल्टी वायां गेल्या नसत्या तर निकाल निराळा लागता. कोरड्या जमिनीवर उघडें पाऊल पकड घेतें, चेंडूहि त्याला चांगला कळतो. परंतु चार वर्षांनीं हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें याच पद्धतीनें खेळणाऱ्या भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पराभवाचीं कारणें अनेक असतील. तथापि मुंबईच्या पावसाळ्यांत चिखलावर खेळलेल्या कोणालाहि ठाऊक आहे कीं, पाय घसरला म्हणजे मांडींतलें सर्व बळ चिखलालाच अर्पण होतें.

वेग घेण्याइतकेंच वेग आवरण्याचें काम कठीण, आणि खेळाडूंचा नाश होतो तो येथें. वेग दुप्पट झाला कीं धांवत्या शरीरांतील गतिजन्य ऊर्जा चौपट होते. ती सर्व पायांनाच गिळावी लागते. भरधांव धांवेंत पुढें फेंकलेली पोटरी पाऊल टेंकण्यापूर्वीं आवरून धरावयाची असते. तें काम मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू करतात. डॉक्टर त्यांस हॅमस्ट्रिंग म्हणतात. ताणले जात असतांनाच जोर लावण्याची पाळी त्यांच्यावर येते आणि मग ते फाटतात; खेळाडू एकाएकीं मांडीला मागून हात लावून थांबतो, तो हाच प्रसंग. युरोपांतील अव्वल संघांच्या दुखापतींची नोंद सन २००१ पासून ठेवण्यांत येत आहे. पहिल्या हंगामांत सर्व दुखापतींपैकीं शेंकडा १२ या स्नायूच्या होत्या. २०२१-२२ च्या हंगामांत तेंच प्रमाण शेंकडा २४ झालें. मांडीचा पुढचा भाग वाढविण्यास सर्वजण उत्सुक असतात, कारण तो आरशांत दिसतो. मागचा भाग दिसत नाहीं.

यावरील उपायाला यंत्र लागत नाहीं, पैसाहि लागत नाहीं. खेळाडूनें मऊ जागीं गुडघ्यांवर उभें राहावें, सोबत्यानें त्याचे घोटे जमिनीवर घट्ट दाबून धरावे, आणि खेळाडूनें गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून शक्य तितकें सावकाश पुढें कलत जावें. तोल अगदींच सुटला म्हणजे हातांवर पडावें. याला नॉर्डिक व्यायाम असें नांव पडलें आहे. डेन्मार्कमध्यें ५० संघांतील ९४२ खेळाडूंवर याची पारख झाली व ती सन २०११ मध्यें प्रसिद्ध झाली. जवळजवळ सारख्या संख्येच्या दोन गटांपैकीं एका गटाला दहा आठवड्यांच्या क्रमानें हा व्यायाम दिला. ज्यांना दिला नव्हता त्यांच्यांत वर्षभरांत अशा ५२ दुखापती झाल्या. ज्यांना दिला त्यांच्यांत १५. आरंभीं मांड्या फार दुखतात, म्हणून पहिल्या आठवड्यांत चार-पांच वेळांहून अधिक करूं नये. इतका स्वस्त उपाय हातीं असतां तो मुलांना न शिकविणें म्हणजे निष्काळजीपणा होय.

शेवटीं मुलांविषयीं, कारण घरोघर प्रश्न पडतो तो त्यांचाच. वजनाच्या व्यायामानें मुलांची उंची खुंटते हा समज जुना आहे. जाणत्याच्या देखरेखीखालीं, बेतानें व बरोबर रीतीनें केलेल्या व्यायामानें तसें होत नाहीं, असें बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं स्पष्ट सांगितलें आहे. अधिक अन्याय होतो तो निवडींत. मुलगे सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्यानें उंच होतात, परंतु कोणाची ही वाढ बाराव्या वर्षींच येते तर कोणाची सोळाव्याला. एकाच वर्गांतील, एकाच महिन्यांत जन्मलेल्या दोन मुलांत एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसरा अजून पोर, हें दृश्य कोणत्याहि शाळेंत दिसतें. लवकर वाढलेल्या मुलाच्या स्नायूंना आधींच जोर आलेला असतो. तो दहा मीटरांत पुढें जातो, संघांत घेतला जातो, त्याला शिक्षक व सामने मिळतात. दुसरा "मंद" ठरून घरीं बसतो. चार वर्षांनीं दोघांची वाढ पुरी झाल्यावर अंतर बहुधा उरत नाहीं, परंतु तोंवर एकानें चार वर्षें खेळून घेतलेलीं असतात. शिवाय ऐन वाढींत पाय एकाएकीं लांब झाल्यामुळें कांहीं मुलांची धांव कांहीं काळ बेंगरूळ होते. तो दोष आळसाचा नसतो. इंग्लंडांतील कांहीं संघांनीं मुलांना वयाऐवजीं वाढीच्या पायरीप्रमाणें गटांत घालून सामने खेळविण्याचे प्रयोग केले आहेत. आपल्या शाळांना त्याचा साधा अवतार सहज करतां येईल: दर तीन महिन्यांनीं प्रत्येक मुलाची उंची, वजन आणि दहा व तीस मीटरांच्या धांवेची वेळ एकाच वहींत शेजारींशेजारीं लिहावी, आणि ज्याची उंची अजून चढावयाची आहे त्याचें नांव केवळ वेळ पाहून खोडूं नये.